माझ्या डाव्या हाताला

४ मार्च

गड्या,

काल तू हसत होतास.

बेकरीच्या बाहेर, त्या उंच टेबलाशी, कॉफीचा कप हातात धरून, चक्क दात दाखवून. समोर गॉगल लावलेला एक जण उभा होता. पस्तिशीचा असेल. पायात पांढरे बूट. आपल्या धंद्यात पांढरे बूट! मी समोरच्या फुटपाथवर होतो. माझ्याबरोबर एवढी वर्षं काढलीस, पण तुझे मागचे दात मी काल पहिल्यांदा पाहिले.

लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीमागे बसून आपल्याला कामं देणारा मामा मला म्हणाला होता, "त्याची कंबर धरलीय. थोडे दिवस काम बंद. तू पण आराम कर, चष्म्याचं दुकान सांभाळ." मी तुझ्या कमरेसाठी शेकायची पिशवी आणून ठेवली होती. आता ती माझ्याकडे राहणारी माझी धाकटी बहीण अक्का वापरते. कंबर धरलेला माणूस एवढा मागे रेलून हसत नाही, हे मलाही कळतं.

त्याला तू काय काय सांगितलं आहेस? आपली पद्धत सांगितलीस? फोटो नाही, नाव नाही, पत्ता नाही. मी जाऊन त्या माणसाच्या शेजारी उभा राहायचं, तो माझ्या डाव्या हाताला येईल असं. चष्मा काढायचा, पुसायचा, परत डोळ्यांवर चढवायचा. चढवला की काम करायचं. खिशात टाकला की रद्द. आणि तू वरच्या मजल्यावर, काच काढलेल्या खिडकीत बंदूक घेऊन. काम झालं की तू निवांत नवी काच बसवायचास, पुट्टी लावायचास. खाली लोक माना वर करून बघायचे, तर सगळ्या खिडक्या धड.

पहिल्याच दिवशी तू म्हणाला होतास, "मी चेहरा बघणार नाही. चेहरा बघितला की हात जड होतो. मी तुझा चष्मा बघेन आणि त्याच्या डावीकडचा माणूस." एवढ्यावर आपण इतकी वर्षं काढली. लोकांचे संसार एवढ्या विश्वासावर चालत नाहीत.

हे पत्र काचेच्या वखारीत, तुझ्या पुट्टीच्या डब्यांमागे ठेवतो आहे. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर टाक. गैरसमज असेल तर तसं कळव, मी काही वाईट वाटून घेणार नाही.

तुझा,
चष्मा


१२ मार्च

गड्या,

पत्र डब्यांमागे नव्हतं, म्हणजे तू नेलंस. उत्तर नाही. ठीक आहे. मीही मानी माणूस आहे, दुसरं पत्र लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण ते ठरवलं सोमवारी, आणि आज लिहायला बसलोच.

अक्काने मला विचारलं, "दादा, जेवण का जात नाही तुला?" तिला काय सांगू? तुझ्या-माझ्या कामातलं तिला काही ठाऊक नाही. तिच्या लेखी तू काचा बसवणारा आणि मी काचा घासणारा, म्हणून आपली दोस्ती. मी म्हटलं, "त्याने नवीन जोडीदार धरलाय, माझ्याकडे फिरकत नाही." ती भांडी विसळत होती, हसून हसून तिच्या हातातली बशी निसटली. म्हणाली, "म्हणजे तुला सवत आली म्हण की! अरे, माझे यजमान गेले तेव्हा मी नाही एवढं तोंड पाडून बसले." तुझ्यामुळे घरात माझी ही शोभा झाली.

मी त्या माणसाचं नाव गॉगल्या ठेवलं आहे. खरं नाव मला नको.

जानेवारीतल्या त्या रद्द झालेल्या कामावरून मामाने तुझे कान भरले असतील, तर माझी बाजूही ऐकून घे. मी भलत्याच माणसाशेजारी उभा राहिलो होतो, हे खरं. पण तो बोलायला लागताच आवाजावरून माझ्या लक्षात आलं आणि मी चष्मा खिशात टाकला. चूक झाली नाही, होता होता राहिली. त्या दिवशी गारठा होता, काचांवर वाफ धरली होती. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो मी. स्वतःच्या डोळ्यांचं मला कळणार नाही का?

तो चष्म्याच्या दुकानात काम करतो का? नाही ना? मग त्याला उभं राहून काचा पुसण्यातलं काय कळणार!

तुझा (अजून तरी),
चष्मा


१९ मार्च

काल मी तुमचं काम बघितलं.

कसं कळलं ते विचारू नकोस. वखारीतून तू काच घेऊन निघालास, मी मागोमाग आलो, बस्स. तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. पूर्वी माझ्या पावलांच्या आवाजावरून तुला कळायचं. आता मन दुसरीकडे असतं म्हणायचं.

कारंज्याभोवती बाकं होती. गॉगल्या एका जाड्या माणसाशेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने खूण केली. ती खूण होती की सिनेमाचं पोस्टर? गॉगल दोन बोटांनी उचलला आणि कपाळावर चढवला. माणूस उन्हात गॉगल कपाळावर का चढवेल? कुणी विचार केला असता तर? चष्मा कुणीही पुसतो, कधीही पुसतो, त्यात शोधण्यासारखं काही नसतं. हे डोकं माझं होतं. तूच म्हणाला होतास, "चष्म्या, तुझ्या डोक्याला तोड नाही."

आणि तू लगेच गोळी झाडलीस. माझ्या वेळी तू एक श्वास थांबायचास. मला वाटायचं, मी बाजूला सरकावं म्हणून थांबतोस. गॉगल्यासाठी थांबला नाहीस. त्याच्यावर तुझा एवढा भरवसा, की थांबायचीही गरज वाटली नाही?

लोक ओरडत होते, पळत होते. जो पडला त्याच्याकडे मी बघितलंही नाही. मी तुझ्या खिडकीकडे बघत होतो. काच बसली, ऊन चमकलं. मग तू खाली आलास, हातात हत्यारांची पिशवी, आणि गॉगल्याच्या शेजारून जाताना तू त्याच्या खांद्याला हात लावलास. अगदी हलका. लोकांना वाटलं असेल, गर्दीत धक्का लागला. मला तसं वाटलं नाही. मी तिथेच बाकावर बसलो आणि मला रडू आलं. हसायचं असेल तर हस. तुला हल्ली हसायची सवय लागली आहे.

माझा काय गुन्हा झाला, एवढं तरी सांग. वय झालं म्हणतोस? तुझंही झालंय. मी कधी तुझ्या थरथरणाऱ्या अंगठ्याबद्दल मामाकडे तोंड उघडलं का?

चष्मा


२६ मार्च

प्रिय गड्या,

मागचं पत्र रागात लिहिलं होतं. मनावर घेऊ नकोस. आज माझं मन एकदम निवळलं आहे.

काल मामाने बोलावलं. लाँड्रीत नेहमीसारखा वाफेचा ढग, वर प्लॅस्टिकमध्ये लटकणारे कोट. मामाने स्वतः उठून मला खुर्ची दिली. असं आजवर कधी झालं नव्हतं. म्हणाला, "तुझ्याशिवाय मजा नाही बघ. हा नवीन पोरगा खूण फार भडक करतो."

मी म्हटलं, "मी बोलणार नव्हतो, पण तुम्हीच विषय काढलात."

"शुक्रवारी दुपारी पोस्टासमोर त्यांचं काम आहे. टपालपेटीपाशी. तू सहज गेल्यासारखा जा, लांबून नको, अगदी जवळ उभा राहा. कुठे चुकतो ते बघ आणि मला सांग. मग आपण ठरवू, कोणाला ठेवायचं."

ऐकलंस? ठरवू म्हणाला. म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. काल मी दोन वेळा जेवण वाढून घेतलं, अक्का बघतच राहिली.

तेव्हा शुक्रवारी मी तिथे दिसलो तर दचकू नकोस. मी फक्त एक पत्र टाकायला येणार आहे. गॉगल्याला माझ्या येण्याबद्दल सांगू नकोस, उगाच बिचारा गडबडेल.

एक विचारायचं होतं, सहज. तुझा नियम अजून तोच आहे ना? तू अजूनही चेहरा बघत नाहीस ना? आणि चष्मा दिसला, तर अजूनही चष्म्याच्या डावीकडेच बघशील ना? खूण शेवटी जुनीच खरी, नाही का? मी आपलं विचारून ठेवतो.

तुझा आणि तुझाच,
चष्मा


२९ मार्च

गड्या,

हे पत्र तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. कधीकाळी तूच दिला होतास, अडीअडचणीला म्हणून. वखारीत आता तू येणार नाहीस, हे मला समजलं आहे.

आता लपवाछपवीत अर्थ नाही. शुक्रवारी मी गॉगल्याची खूण करायला आलो होतो. त्याला माझ्या डाव्या हाताला घ्यायचं, चष्मा पुसायचा, चढवायचा. तू चेहरा बघणार नाहीस आणि गॉगल्याचा विषय तुझ्याच हातून संपेल. मग तुला माझ्याशिवाय कोण उरणार होतं? असला विचार माझ्या डोक्यात आला आणि मला त्याची लाजही वाटली नाही. रात्री छान झोप लागली.

मी पोचलो तेव्हा तो टपालपेटीपाशी उभा होता. समोरच्या इमारतीत काच काढलेली खिडकी मला नीट दिसली नाही. पण बाकीच्या खिडक्यांवर ऊन चमकत होतं आणि तिसऱ्या मजल्यावर एका ठिकाणी चमकत नव्हतं, त्यावरून ओळखलं.

मी त्याच्या उजवीकडे जाऊन उभा राहिलो, म्हणजे तो माझ्या डावीकडे येईल. तो माझ्या मागून फिरून माझ्या उजवीकडे आला. मला वाटलं, पेटीच्या तोंडासमोरून सरकला असेल. मी परत त्याच्या उजवीकडे गेलो. तो परत फिरला. किती वेळ आम्ही असे एकमेकांभोवती गोल गोल फिरत होतो देव जाणे. पार्सल घेऊन उभी असलेली एक बाई वैतागून म्हणाली, "तुम्हाला पत्र टाकायचंय की नाचायचंय?"

शेवटी तो रस्त्याकडे तोंड करून थांबला आणि मी पोस्टाकडे तोंड करून. खांद्याला खांदा, तोंडं उलट्या दिशांना. तो माझ्या डाव्या हाताला आला. मी चष्मा काढला, पुसला, चढवला. त्याच वेळी बाजूला हालचाल झाली. त्याने गॉगल कपाळावर चढवला होता.

मनात म्हटलं, हा कुणाची खूण करतोय? त्याच्या डाव्या हाताला कोण आहे ते पाहिलं.

त्याच्या डाव्या हाताला मी होतो.

मी डोळे मिटले. कुणी पडलं नाही. मी चष्मा काढून परत पुसला, परत चढवला. त्यानेही गॉगल खाली घेतला, परत वर केला. बाईने पार्सल दुसऱ्या हातात घेतलं. आम्ही दोघं बावळटासारखे एकमेकांच्या मरणाची वाट बघत उभे.

मग तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "काका, तुम्ही पण?"

"तू पण?" मी म्हटलं.

आम्ही दोघांनी एकदम वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, जिथे चमकत नव्हतं, तिथे ऊन चमकत होतं. तू काच बसवून निघून गेला होतास.

आम्ही वर गेलो. तो मला हाताला धरून जिन्याने घेऊन गेला, कारण पायऱ्या मला चुकत होत्या. खोलीत तुझी हत्यारांची पिशवी पडली होती, आतली बंदूकसुद्धा. तू हत्यारं विसरून जाणारा माणूस नाहीस, म्हणजे ती तुला नको होती. पुट्टी ओली होती. तुझं काम इतकं नेटकं असतं, पण त्या पुट्टीवर सगळीकडे अंगठा उमटला होता. मी तो बोटाने चाचपून पाहिला.

मग आम्ही माझ्या दुकानात येऊन बसलो. जायचं तरी कुठे होतं? तो डोळे तपासायच्या खुर्चीत बसला आणि भडाभडा बोलायला लागला. मामाने त्याला माझी खूण करायला सांगितलं होतं. म्हाताऱ्याची नजर गेली आहे, त्याला सगळं माहीत आहे, एखाद्या दिवशी गोंधळ घालेल, म्हणून. आणि मी आपल्या पायांनी चालत येईन असं बघूनच मला बोलावलं होतं. मामाला माझा स्वभाव बरोबर ठाऊक.

मी विचारलं, "आणि तू लगेच तयार झालास?"

"एका पायावर," तो म्हणाला. (तुला तो दादा म्हणतो.) "राग मानू नका काका, पण तुमचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. दिवसभर दादांचं आपलं तेच. चष्मा असता तर एवढा चिकटून उभा राहिला नसता. चष्मा असता तर आधी सावली बघितली असती. अहो, मी केलेलं एक काम कधी धड वाटलं नाही त्यांना! कारंज्यापाशी काम झालं, तर खांद्याला हात लावून काय म्हणाले माहितीये? 'चष्मा बाकावर बसलाय, रडतोय. तिकडे बघू नकोस.'"

मी चष्मा काढला आणि पुसत बसलो.

"बेकरीबाहेर एकदाच काय ते हसले," तो म्हणाला, "तेही तुमच्यावरून. तुम्ही एकदा ऐन कामाच्या वेळी चष्मा पुसायला घेतलात आणि दोन्ही काचा रुमालात, फ्रेम हातात राहिली. आणि तुम्ही ती रिकामी फ्रेम तशीच ऐटीत चढवलीत."

गड्या, ती गोष्ट तू अजून विसरला नाहीस?

तुझी अटही त्याने सांगितली. जानेवारीनंतर मामाला मला तेव्हाच संपवायचं होतं. तू म्हणालास, त्याला घरी बसवा, हात लावणार नसाल तरच मी दुसऱ्याबरोबर काम करतो. हे तू मला एका ओळीने का कळवलं नाहीस? मी गप्प बसलो नसतो म्हणून? बरोबर आहे. मी तडक लाँड्रीत जाऊन भांडलो असतो. तू मला ओळखतोस आणि मी तुला ओळखलं नाही, एवढंच यातून निघालं.

आता मामा गप्प बसणार नाही. गॉगल्या म्हणतो, "काका, गाडी आणतो, निघू या." मी नाही म्हणालो. तुझ्याकडे फक्त या दुकानाचा पत्ता आहे. मी गेलो तर तुझं उत्तर कुठे येणार? अक्काला तिच्या मुलीकडे पाठवून दिलं आहे, भिंतींना रंग लावायचा आहे असं सांगून. जाताना म्हणाली, "मन हलकं झालेलं दिसतंय. गेला का रुसवा?" मी मान डोलावली. गॉगल्या मात्र अजून गेलेला नाही. का थांबलास विचारलं, तर म्हणतो, मलाही दादांकडून एक गोष्ट ऐकायची आहे.

दोघांची गोष्ट एकच आहे. तू आयुष्यभर चेहरा बघितला नाहीस. शुक्रवारी बघितलास, नाहीतर आमच्यातला एक जण आज नसता. आधी कुणाचा बघितलास?

गॉगल्या म्हणतो, त्याचा. कारण त्याचं तोंड रस्त्याकडे होतं आणि माझी तुझ्याकडे पाठ होती. सकाळपासून हेच घोकतोय. मी त्याला म्हटलं, मला ओळखायला माझ्या गड्याला चेहरा लागत नाही, माझं कोपर हललेलं पुरतं. त्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं आणि मला बरं वाटलं. या वयात, या अवस्थेत, मला त्याने बरं वाटलं. आता काय करणार!

तेव्हा खरं काय ते लिही. त्याला वाईट वाटेल म्हणून माझं नाव लपवू नकोस. आणि त्याचा चेहरा आधी बघितला असशील, तर उत्तर उशिरा पाठव. पत्र माझ्या एकट्याच्या नावाने टाक.

एक शेवटचं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन्ही. गेल्या वर्षापासून. जानेवारीत वाफ नव्हती. तुला माहीत होतं ना? मला वाटलंच.

दुकानाचं दार उघडं ठेवलं आहे. दारात माणूस उभा राहिला की बाहेरच्या उजेडापुढे मला आता नुसता काळा आकार दिसतो, टपालवाला की मामाने पाठवलेला कुणी, ते कळत नाही. तेव्हा तेवढं पाकिटावर ठळक लिही, म्हणजे टपालवाला वाचेल. म्हणावं, दुकानात शिरण्याआधी बाहेरूनच हाक मार.

चष्मा